ओठांवरच्या चुण्या

दर बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला दोरेवाल्यांचा फोन यायचा. गेली अकरा वर्षं. त्यांचं रिळांचं, बटणांचं आणि चेनचं ठोक दुकान तीन तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावात आहे. माझं कपडे दुरुस्त करून देण्याचं दुकान इथं, जिन्याखालच्या गाळ्यात. घेर कमी करणं, बाही वाढवणं, कोटाचं अस्तर बदलणं, माणूस सुटला की त्याच्याबरोबर त्याची पँटही सुटी करणं, हे माझं काम. फोन आला की मी यादी सांगायची, त्यांनी लिहून घ्यायची, शनिवारी पार्सल दारात. पहिल्या वर्षी हे सगळं दोन मिनिटांत आटपायचं. अकराव्या वर्षी यादी दोन मिनिटांचीच राहिली होती आणि बोलणं पाऊण तासावर गेलं होतं.

एकमेकांचं तोंड मात्र आम्ही पाहिलेलं नव्हतं. त्यांचा फोन जुना, बटणांचा. माझा नवा होता, पण फोटो मागायचा कुणी आणि पाठवायचा कुणी, यात वर्षं गेली. मी त्यांना मनातल्या मनात उंच, सडपातळ करून टाकलं होतं. त्यांनी मला काय करून ठेवलं होतं ते मला त्या बुधवारी कळलं.

त्या दिवशी यादी संपल्यावर ते जरा घुटमळले. मग म्हणाले की पुढच्या महिन्यात बावीस तारखेला तुमच्या गावात शिलाई मशीनचं प्रदर्शन आहे, त्यासाठी येतोय, तेव्हा दुकानात डोकावलो तर चालेल का. एक गोष्ट विचारायची आहे, फोनवर विचारण्यासारखी नाही. मी "या की" म्हणाले आणि बोलता बोलता एका चांगल्या शर्टाची बाही टोकाशी शिवून बंद करून टाकली. चौपन्नाव्या वर्षी बाईला कोण काय विचारायला येतो, हे कळायला ज्योतिषी लागत नाही. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, माझा नवरा जाऊन चौदा. त्यांनी विचारावं असं मला वाटत होतं. फार वाटत होतं. उगीच आढेवेढे कशाला घेऊ?

पण फोन ठेवता ठेवता ते हसून म्हणाले, "तुमचा आवाज ऐकला की वाटतं, बाई पस्तिशीच्या आतल्याच असणार."

मीही हसले. मग फोन ठेवला आणि कपडे घालून बघायच्या खोलीतल्या आरशासमोर जाऊन उभी राहिले.

माझं कपाळ ठीक आहे. डोळेही ठीक आहेत, सुई ओवायला अजून चष्मा लागत नाही. पण ओठांभोवती बघवत नव्हतं. कापडात दोरा घालून ओढला की कशा चुण्या पडतात, तशा वरच्या ओठावर उभ्या रेघा. लहान नाहीत, चांगल्या खोल. त्या कशाने पडल्या तेही मला ठाऊक होतं. पस्तीस वर्षं मी ओठांत टाचण्या धरून काम करते. माझ्या शिवणशिक्षिका टाचण्यांची गादी मनगटाला बांधायच्या. मी ती दोन दिवस बांधली आणि कोपऱ्यात टाकली. टाचण्या ओठांत असल्या की दोन्ही हात मोकळे राहतात. एका वेळी चौदा धरते मी, आणि जीभ न लावता एकेक पुढे सरकवते. माझी बहीण म्हणते, ताई दिवसात तेवढाच वेळ गप्प असते.

ही बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटी. तिला घरात सगळे धाकटीच म्हणतात, तिच्या मुलासकट. ती एका त्वचेच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते, नावं लिहून घेते. त्या संध्याकाळी ती डबा घेऊन दुकानात आली तेव्हा मी अजून आरशासमोरच होते. मी फोनचं सांगितल्यावर तिने आधी माझी चेष्टा केली, मग चेष्टा करायचं थांबवलं. माझा चेहरा बघून तिला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

ती म्हणाली की आमच्याकडे रोज चार जणी या रेघांसाठी येतात. बारीक इंजेक्शन देतात, स्नायू सैल पडतो, रेघा उतरतात. पण बसायला दोन आठवडे लागतात, तेव्हा करायचं तर आत्ताच. मी म्हणाले, "मी काय नटी आहे?" ती म्हणाली, "नाही, पण एकवीस तारखेला रडत बसशील त्यापेक्षा बरं." धाकटीचं हे असं आहे. लहानपणापासून माझं तोंड बंद करणारी घरात ती एकटीच.

डॉक्टरबाई निघाल्या माझ्या मुलीच्या वयाच्या, मला मुलगी असती तर. त्यांनी माझ्या तोंडावर दिवा धरला, ओठांचा चंबू करायला सांगितलं, हसायला सांगितलं, फोटो काढले. मग कागद पुढे ओढून प्रश्न सुरू केले. कुठलं औषध चालू आहे? मी सांगितलं, खांदा दुखतो, त्याच्या गोळ्या दुकानातून आणून घेते. त्या म्हणाल्या, आठवडाभर त्या बंद, रक्त पातळ होतं आणि सुई टोचली की काळंनिळं पडतं. माशाच्या तेलाच्या गोळ्या? नाही. दारू? नाही. दिवस गेलेत का? मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी निमूटपणे फुली मारली. बासरी, सनई, तोंडाने फुंकायचं कुठलं वाद्य वाजवता? नाही. गाता? न्हाणीघरातसुद्धा नाही. व्यासपीठावर बोलता? त्यावर बाहेरून धाकटी खुसखुसलेली मला ऐकू आली.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं की ओठांभोवतीचा स्नायू थोडा ढिला पडेल. काही जणींना काही दिवस पेल्यातून पिताना, शीळ घालताना, थोडं बोलतानाही अडचण वाटते. मी म्हणाले, शीळ मी उभ्या जन्मात घातलेली नाही, आणि खाली सही केली. मी काय काम करते हे त्या कागदावर होतं. "शिवणकाम" असं मीच लिहिलं होतं. त्यांना त्यात काही खटकलं नाही आणि मलाही नाही.

तो आठवडा मी गोळ्यांवाचून काढला. खांदा ठणकायचा, मी गरम पाण्याची पिशवी लावायची आणि मनात म्हणायचे, सोस, बावीस तारखेसाठी सोस. माझ्यासारख्या बाईने असं काही म्हणावं याचं मलाच हसू यायचं. पण त्या हसण्यात एक मजा होती. कितीतरी वर्षांत मी एखाद्या तारखेची वाट बघितली नव्हती. गिऱ्हाइकांच्याच तारखा बघत आले होते.

तीन तारखेला, सोमवारी, इंजेक्शन झालं. आधी सुन्न करणारं मलम लावून अर्धा तास बसवलं, मग बर्फ. सुई बघून मला हेवा वाटला. इतकी बारीक सुई मला मिळाली असती तर रेशमात भोक दिसलं नसतं. डॉक्टरबाईंचा हात चांगला होता, सुई तिरपी धरून अलगद घालत होत्या, पण दुसऱ्या टोच्याला अंतर जरा चुकलं असं मला वाटलं. बोलून दाखवणार होते, पण सुई माझ्याच तोंडात होती. वरच्या ओठावर चार, खालच्यावर दोन, झालं.

खरा छळ नंतर. चार तास आडवं व्हायचं नाही, मान खाली घालायची नाही, तोंड चोळायचं नाही. दिवसभर गरम वाफेजवळ जायचं नाही. आता शिवणारी बाई मान खाली न घालता आणि इस्त्रीजवळ न जाता करणार काय? मी दुकानात येऊन ताठ बसले, फोटो काढायला बसवल्यासारखी. धाकटीने अर्धी सुट्टी घेऊन माझ्यावर पहारा ठेवला. बॉबिन खाली पडलं, मी वाकायला गेले की ती ओरडायची. शेवटी तिने माझ्या हातात एक जुनं कॅलेंडर दिलं आणि म्हणाली, हे समोर धरून वाच. मी बारा महिने दोनदा वाचले.

दुसऱ्या दिवशी डाव्या कोपऱ्यात टिचबटणाएवढा निळा डाग उमटला. गिऱ्हाइकांनी विचारलं की सांगायचे, मशीनचं चाक लागलं. बुधवारी दोरेवाल्यांचा फोन आला तेव्हा डाग हिरवट झाला होता, पण आवाज खणखणीत होता. आम्ही पाऊण तास बोललो. ते म्हणाले, बावीसला आता सतराच दिवस राहिले. मी म्हणाले, मी मोजत नाही. खोटं बोलले.

सहाव्या दिवशी रेघा खरंच उतरायला लागल्या. सकाळी दात घासताना आरशात बघितलं आणि ब्रश हातातच राहिला. ओठावरचं कापड कुणीतरी इस्त्री केल्यासारखं. मी पस्तिशीची दिसत नव्हते, पण शेवटचं मनमोकळं हसले होते त्या वर्षातली मी दिसत होते. मला एकदम रडू आलं. आनंदाने आलं, हे मी मुद्दाम सांगते, कारण त्यानंतर जे झालं त्यामुळे कुणाला वाटेल की मी तेव्हापासूनच पस्तावत होते. नव्हते. मला माझा चेहरा आवडला होता.

मंगळवारी शाळेच्या मुख्याध्यापिका कोटाची लांबी कमी करायला आल्या. या बाईंना बघून मोठी माणसं रांगेत उभी राहतात. मी त्यांना स्टुलावर उभं केलं, खडूने खूण केली, सवयीप्रमाणे चौदा टाचण्या ओठांत घातल्या आणि खाली बसले. पहिली टाचणी काढायला हात वर नेला तर उरलेल्या तेरा घरंगळल्या. काही कोटात अडकल्या, काही त्यांच्या उघड्या चपलेत गेल्या. मुख्याध्यापिका स्टुलावर एका पायावर उभ्या. मी पुन्हा टाचण्या घातल्या. पुन्हा पडल्या. ओठ मिटत होते, पण दाबतच नव्हते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की मी वाद्य वाजवत नाही, गात नाही, शीळ घालत नाही, पण पस्तीस वर्षं जे करते तेच नेमकं मी डॉक्टरबाईंना सांगितलं नव्हतं.

"काय झालं?" मुख्याध्यापिकांनी विचारलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझे शब्द मलाच परके वाटले. जिथे ओठ मिटायला हवेत तिथे नुसती हवा सुटत होती.

त्या गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि उद्याची यादी मोठ्याने म्हणून बघितली. पांढरा, पिवळा, बदामी, मोरपंखी, फिकट गुलाबी. माझी यादी अशी की दर शब्दाला ओठ मिटायलाच हवेत. दात पडलेल्या म्हातारीने म्हणावी तशी ती माझ्या तोंडातून बाहेर येत होती. हा माणूस माझं काय ओळखतो? चेहरा नाही, घर नाही, हात नाहीत. अकरा वर्षं त्याने माझं एकच ओळखलंय, आणि तेच मी माझ्या हाताने बिघडवून बसले.

बुधवारी अकरा वाजता फोन वाजला. मी मशीनसमोर बसून तो वाजू दिला. दोनदा वाजला. मग मी यादी लिहून संदेश पाठवला आणि खाली लिहिलं, घाई आहे. थोड्या वेळाने त्यांचा संदेश आला, तब्येत बरी आहे ना? मी लिहिलं, बरी आहे.

पुढच्या सोमवारी डॉक्टरबाईंकडे तपासायला जायचं होतं. त्यांनी दिवा धरला, खूश झाल्या, म्हणाल्या, छान बसलंय. मी म्हणाले, बसलंय खरं, पण माझ्या टाचण्या पडतात. त्यांना काही कळेना. मी पर्समधून डबी काढून दाखवली, ओठांत धरून दाखवल्या, आणि त्या त्यांच्या टेबलभर पडल्या. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही सांगितलं नाहीत," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत." दोघींचंही खरं होतं. मग त्यांनी सांगितलं की बोलणं दोन-तीन आठवड्यांत सुधारेल, ओठांची पकड यायला तीन महिने लागतील, घाई करून काही होत नाही. आणि माझ्यासमोर त्यांनी प्रश्नांच्या छापील कागदावर वाद्याच्या खाली हाताने एक ओळ वाढवली, कामात ओठांनी काही धरता का? बाई प्रामाणिक होत्या. माझा राग तिथेच निम्मा उतरला, उरला तो सगळा माझ्यावरचाच.

एकोणीसच्या बुधवारीही मी फोन उचलला नाही. पुन्हा यादी, पुन्हा घाई आहे. या वेळी उलट संदेश आला नाही. धाकटी चिडली. म्हणाली, त्याला फोन कर आणि सरळ सांग. मी म्हणाले, काय सांगू, तुमच्यासाठी तोंड रंगवायला गेले आणि तोंडच गमावून बसले? ती म्हणाली, हेच सांग, एवढं स्वच्छ तर तू बोलतेस. पण तिला ते ऐकायची सवय आहे, मी तापात बडबडले तरी तिला कळतं. मी ठरवलं होतं की बावीसला घशाला सूज आली म्हणून दुकान बंद ठेवायचं. प्रदर्शन काय, दर वर्षी येतं.

एकवीसला, शुक्रवारी दुपारी, मी तोंडाला रुमाल बांधून मुख्याध्यापिकांचा तोच कोट शिवत होते. रुमाल अशासाठी की चहा सांडायचा आणि लोक बघायचे. काच सरकली आणि एक गृहस्थ आत आले. बुटके, चांगले गोल, डोक्यावर केसांची एक झालर, हातात कापडी पिशवी. दोन पायऱ्या उतरूनच त्यांना दम लागला होता.

"बाई आहेत का?" त्यांनी विचारलं.

तो आवाज मी कुठेही ओळखला असता. माझा पाय पायडलवरून सुटला. आणि मी काय केलं? मी मान हलवली. नाही म्हणून. माझ्याच दुकानात, माझ्याच मशीनवर बसून मी त्यांना सांगितलं की मी नाही.

ते म्हणाले, "एक दिवस आधी आलो. कळवायला हवं होतं. दाढ दुखते का तुमची?" मी मान डोलावली. त्यांनी विचारलं, बाई येतील ना आज? मी खांदे उडवले. वाटलं, आता जातील. ते गेले असते तर सगळं किती सोपं होतं. पण ते गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाले, थांबतो मी, तुमचं चालू द्या.

मी शिवत राहिले. काय शिवत होते देव जाणे. पाच मिनिटं त्यांनी दुकान बघितलं. रिळांच्या फळीकडे बघून हसले, ती सगळी त्यांच्याच हातून आलेली. मग मदतनीस समजून ते माझ्याशी बोलायला लागले, हळू आवाजात, जसं दाढ दुखणाऱ्या माणसाशी बोलावं.

"तुमच्या बाई आजारी आहेत का हो? मला खरं सांगा. दोन बुधवार झाले, बोलत नाहीत. लिहून पाठवतात. बरी आहे, घाई आहे." त्यांनी पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "माझी बायको गेली ना, तिचा आवाज आधी गेला. चार महिने चिठ्ठ्या लिहायची. हेच लिहायची, बरी आहे. काळजी करू नका. परवा पुन्हा नुसता संदेशच आला, तेव्हापासून मला घास गिळवेना. म्हटलं, प्रदर्शन राहू दे, आधी जाऊन बघू. नुसतं बरं आहे एवढं कळलं तरी मी परत जाईन."

मी मशीन थांबवलं. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नसेल. मी दोन आठवडे माझ्या ओठांचा विचार करत बसले होते, आणि तिकडे हा माणूस माझ्या मरणाच्या भीतीने जेवत नव्हता. मी रुमाल सोडला.

"बाई आजारी नाहीत," मी म्हणाले. "मीच बाई."

शब्द कसे आले असतील ते आले. त्यांनी झटकन वर बघितलं. माझ्या तोंडाकडे नाही बघितलं, आधी डोळेच मिटले. एवढं कळलं की ऐकत होते. मग डोळे उघडले आणि त्यात पाणी होतं.

"पुन्हा बोला," ते म्हणाले.

मी बोलले. सगळं बोलले, पस्तिशीपासून. रेघा, गोळ्या, चार तास कॅलेंडर, न पटलेला दुसरा टोचा. ते ऐकत राहिले. मुख्याध्यापिकांच्या चपलेत टाचण्या गेल्या तिथे त्यांना हसू आवरेना, पोट धरून हसले, आणि हसता हसता एकदम थांबले.

"आणि मी उठून गेलो असतो तर?"

"तर जाऊ दिलं असतं मी तुम्हाला," मी म्हणाले. "आणि जन्मभर स्वतःला शिव्या घातल्या असत्या."

त्यांना हे लागलं. चेहऱ्यावर दिसलं, आणि मला ते बघावं लागलं. फोनवर माणूस गप्प झाला की त्याचा चेहरा कसा होतो हे अकरा वर्षांत मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पिशवीची गाठ घट्ट ओढली. मग म्हणाले, "पुन्हा असं करू नका. तोंड वाकडं असो, सरळ असो, फोन उचलायचा." मी म्हणाले, नाही करणार. मग ते म्हणाले की ती पस्तिशीची गोष्ट त्यांनी गंमत म्हणून म्हटली होती, त्यांचं पोट बघता त्यांना पस्तिशीची बाई झेपली नसती. मी म्हणाले, तुम्हाला मी सडपातळ समजत होते. त्यांनी स्वतःकडे खाली बघितलं आणि खिन्नपणे मान हलवली.

हसताना मी तोंडावर हात धरला नाही. गेले दहा दिवस धरत होते. माझे ओठ हसताना नीट उघडत नव्हते, वरचा तर जागचा हलतच नव्हता, पण त्यांच्यासमोर मी तसंच हसले.

"उद्या विचारणार होतो," ते म्हणाले. "उद्यासाठी दुसरा शर्ट आणलाय पिशवीत."

"आत्ताच विचारा. उद्यापर्यंत मी आणखी काहीतरी करून ठेवीन."

ते बाकावरून उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. माझ्या मशीनपाशी येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "माझ्याशी लग्न कराल?"

डॉक्टरबाईंनी मला बऱ्याच गोष्टी सांगितल्या होत्या, पण हे सांगितलं नव्हतं की "हो" म्हणायला ओठ मिटावे लागत नाहीत. तेवढा एकच शब्द दहा दिवसांत माझ्या तोंडून स्वच्छ निघाला, आणि तो त्यांना दुसऱ्यांदा विचारावा लागला नाही.